पहिला ‘नको’ कोणत्या पंगतीत खरा?

प्रश्न : माझा मुलगा मँचेस्टरला नोकरी करतो आणि येत्या मे महिन्यात तिथेच त्याचे लग्न आहे. मुलीचे वडील यॉर्कशायरचे इंग्रज, तर आई चीनमधल्या चेंगडू शहरातली. गेल्या ऑक्टोबरात आम्ही उभयता तिकडे जाऊन आलो. मी शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. माझे यजमान मासे खातात. व्याह्यांनी रविवारी दुपारी घरी जेवायला बोलावले. माझ्यासाठी वेगळे केलेले पदार्थ चांगले होते, पण बटाट्यांचे भांडे पुढे करून “आणखी घेणार का?” असे विचारल्यावर मी आपल्या सवयीने “नको, पुरे” म्हटले, आणि ते भांडे पुढे सरकले ते परत आलेच नाही. मुलाच्या घरी येऊन पोहे खाल्ले तेव्हा जीवात जीव आला. चार दिवसांनी विहीणबाईंच्या आईवडिलांनी, जे तेव्हा चीनहून आलेले होते, आम्हाला हॉटेलात जेवायला नेले. तिथे सगळे उलटे. माझ्या वाटीत काही ना काही पडतच होते. अन्न टाकू नये म्हणून मी संपवत गेले की वाटी पुन्हा भरे. शेवटी पोट दुखू लागले, आणि एक टोफूचा पदार्थ अर्धा खाल्ल्यावर त्यात खिमा असल्याचे कळले. मुलाला मी काही बोलले नाही, पण मनात अढी बसली आहे. एका घराचा हात आखडता आणि दुसऱ्या घराला समोरच्याचा विचार नाही, असे वाटते. लग्नाच्या वेळी दोन्हीकडे पुन्हा जेवणे होतील आणि आम्हालाही सर्वांना आपल्या पद्धतीने जेवू घालायचे आहे. मी कसे वागू?
— एक आई, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना ‘वेगळे केलेले पदार्थ’ या शब्दांपाशी थांबले. मी नऊ वर्षे इंग्लंडच्या उत्तर भागात राहिले आहे, त्यामुळे त्या शब्दांमागे काय असेल याची मला कल्पना आहे. इंग्रज घरातले रविवारचे जेवण म्हणजे भट्टीत भाजलेले मांस, त्याच भांड्यातल्या रसाची ग्रेव्ही, बहुतेक वेळा चरबीत भाजलेले बटाटे, आणि यॉर्कशायर पुडिंग, म्हणजे मैदा, दूध व अंडे फेटून गरम चरबीत फुलवलेला खोलगट पाव. या ताटात तुम्हाला चालेल असे उकडलेल्या भाज्यांखेरीज काहीही नसते. तुमच्या पुढे जर शाकाहारी पदार्थ आले, तर त्या घराने तुमच्यासाठी ग्रेव्ही निराळी केली असणार, बटाटे तेलात निराळे भाजले असणार, अंड्याविना काय करता येईल हे चार दिवस आधी तुमच्या होणाऱ्या सुनेला विचारून ठेवले असणार. इंग्रजांचा आग्रह असा जेवणाच्या आधी होऊन गेलेला असतो. पान वाढल्यावर तो दिसत नाही, म्हणून तो नव्हताच असे आपल्याला वाटते.

आपल्याकडे पहिला ‘नको’ हा केवळ रीतीचा असतो. वाढपी जिलबीचे ताट घेऊन येतो, आपण पानावर दोन्ही हात आडवे धरतो, तो बोटांच्या फटीतून एक सोडतोच आणि सारी पंगत हसते. दुसरा ‘नको’ थोडा खरा आणि तिसरा पुरता खरा, असा आपला हिशेब असतो. इंग्रज घरात मात्र पाहुण्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हाच त्याचा मान समजला जातो. तुम्ही “नको” म्हटल्यावर पुन्हा विचारणे म्हणजे तुमचे बोलणे खोटे ठरवणे, किंवा तुम्हाला नको असलेल्या गोष्टीसाठी अडवणे, असे त्यांना मनापासून वाटते. त्या दिवशी तुमच्या व्याह्यांनी भांडे पुढे सरकवले ते तुमचा शब्द राखण्यासाठी. त्यांनी हात आखडता घेतलेला नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चिनी घरातला पहिला ‘नको’ आपल्यासारखा असतो. पाहुण्याने दाखवायच्या संकोचाला त्यांच्या भाषेत ‘खछी’ असा शब्द आहे. शब्दशः त्याचा अर्थ ‘पाहुणेपणाची हवा’ असा होतो, आणि यजमान सारखे सांगत असतात की ही हवा बाजूला ठेवा आणि जेवा. पण आपल्याहून एक मोठा फरक त्यात आहे, आणि तुमचे पोट दुखले ते त्या फरकामुळे. आपण ताट स्वच्छ केले की अन्नाचा मान राखला असे मानतो. जुन्या वळणाच्या चिनी माणसाला मात्र पाहुण्याची रिकामी वाटी दिसली की पाहुणा अजून भुकेला आहे असे वाटते, आणि पाहुणा भुकेला राहणे ही यजमानाची नामुष्की असते. तुम्ही अन्नाचा मान राखण्यासाठी वाटी रिकामी करत होतात आणि आजीबाई तुमचा मान राखण्यासाठी ती भरत होत्या. दोघींनीही आपापली रीत निष्ठेने पाळली.

तेव्हा पुढच्या वेळी वाटीत दोन घास शिल्लक ठेवा, चमचा किंवा चॉपस्टिक्स खाली ठेवा आणि स्वयंपाकाचे मोकळेपणाने कौतुक करा. हे दोन घास टाकल्याचे पाप मनाला लावून घेऊ नका. खुद्द चीनमध्येही आता अन्न वाया जाण्याविषयी फार बोलले जाते. 2013 साली तिथे ताटे रिकामी करण्याची मोठी मोहीम निघाली आणि 2021 साली अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदाच झाला. त्यामुळे तरुण मंडळी उरलेले अन्न सहज डब्यात भरून घरी नेतात. तुमची सूनही नेईल. पण सत्तरी ओलांडलेल्या आजीबाईंच्या हाताला जे वळण लागले आहे ते कायद्याने बदलणार नाही, आणि ते बदलावे असे मला वाटतही नाही.

हे वळण कुठून येते ते पाहिले की राग उरत नाही. चिनी जेवणाचे दोन भाग असतात: ‘फान’, म्हणजे भात किंवा धान्याचा जो मुख्य पदार्थ असेल तो, आणि ‘त्साय’, म्हणजे त्याबरोबरचे बाकी सारे. आपल्या भात-पोळी आणि कालवणासारखीच ही विभागणी आहे. फान ज्याच्या त्याच्या वाटीत असतो, पण त्साय गोल टेबलाच्या मधोमध सर्वांचा मिळून असतो. सुरीचे काम स्वयंपाकघरातच उरकलेले असते, त्यामुळे टेबलावर चॉपस्टिक्सनी उचलता येतील एवढे तुकडेच येतात. असे सामाईक अन्न समोर असले की आपल्याआधी दुसऱ्याला वाढावे, त्यातही चांगला तुकडा दुसऱ्याच्या वाटीत टाकावा, हे आपोआप घडते. इंग्रज टेबलावर याच्या उलट आहे. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा काटा आणि सुरी असते, प्रत्येकजण आपल्या ताटातले आपण कापतो, आणि ते ताट एखाद्याच्या घरासारखे खासगी असते. दुसऱ्याच्या ताटात न विचारता काही टाकणे तिथे कोणाच्या मनातही येत नाही. मिठाची बाटली लांब असेल तर दुसऱ्यापुढून हात लांबवायचा नाही, ती द्यायला सांगायची, कारण हात लांबवणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातून जाण्यासारखे आहे.

मँचेस्टरच्या चायनाटाउनमधला एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. फॉकनर स्ट्रीटवर 1987 साली उभारलेली ती रंगीत कमान तुम्ही पाहिली असेलच. तिथल्याच एका हॉटेलात आमच्या शेजारच्या टेबलावर एक वृद्ध चिनी बाई नातजावयाला घेऊन बसल्या होत्या. नातजावई सोनेरी केसांचा इंग्रज मुलगा होता. अख्खा वाफवलेला मासा आला. बाईंनी ताट फिरवून माशाचे तोंड त्याच्याकडे केले, मग चॉपस्टिक्सच्या टोकांनी माशाच्या गालातला, बोराएवढा असेल नसेल, तो मांसाचा गोळा अलगद सोडवला आणि त्याच्या भातावर ठेवला. गाल हा माशातला सर्वांत मऊ भाग असतो आणि एका बाजूला एकच निघतो. मुलाने भांबावून इकडेतिकडे पाहिले. नातीने कानात काही सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला आणि त्याने तो गोळा खाल्ला. बाईंनी स्वतः तोवर घास घेतला नव्हता.

हे मुद्दाम सांगते, कारण व्याही म्हणून तुम्ही त्या टेबलावर मानाचे पाहुणे असाल आणि माशाचे तोंड तुमच्याकडेच वळेल. शाकाहारी बाईच्या पुढ्यात माशाचे डोके ठेवले, असे वाटून घेऊ नका. सुनेला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते तुमच्या यजमानांकडे वळवले जाईल, आणि त्यांनी पहिला घास घेतला की बाकीचे सुरुवात करतील. तसेच, दाराकडे तोंड असलेली जागा मानाची समजली जाते, म्हणून कोणी बसवल्याशिवाय बसू नका. चॉपस्टिक्स जमत नसतील तर चमचा मागण्यात काहीही कमीपणा नाही, पण त्या भातात उभ्या खोचू मात्र नका, कारण मृतांसाठी उदबत्त्या तशा लावतात. आपल्याकडे ताटात कोणत्या बाजूला काय वाढायचे नाही याचे जसे संकेत असतात, तसाच हा आहे.

त्या टेबलावर फिरणारी गोल चकती असते, तिच्याविषयी थोडे विषयांतर करते. तिचा प्रचार ज्यांनी केला त्यांत वू ल्येन-तेह हे डॉक्टर होते. पेनांगला जन्मलेला, इंग्लंडमध्ये केंब्रिजला शिकलेला हा चिनी माणूस 1910-11 सालच्या मांचुरियातल्या प्लेगशी झुंजला, आणि एकाच भांड्यात सर्वांच्या चॉपस्टिक्स पडण्यातला धोका त्याने ओळखला. सर्वांनी मिळून जेवण्याची रीत मोडू नये आणि रोगही पसरू नये म्हणून फिरती चकती आणि वाढण्यासाठी वेगळी चॉपस्टिक्स, असा मार्ग त्याने पुढे मांडला. करोनाच्या काळात, 2020 साली, चीनमधल्या अनेक शहरांनी वाढण्याच्या वेगळ्या चॉपस्टिक्सचा पुन्हा आग्रह धरला. तुम्हाला उष्ट्याखरकट्याची अडचण वाटत असेल, तर या चॉपस्टिक्स मागून घ्या. कोणालाही वावगे वाटणार नाही.

आता खिम्याविषयी. तुम्हाला त्याचा किती त्रास झाला असेल हे मी समजू शकते, आणि तो त्रास लहान आहे असे मी म्हणणार नाही. पण तिथे कोणी फसवले नाही, एवढे मात्र सांगते. तो पदार्थ बहुधा मापो टोफू असावा. चेंगडूचाच तो पदार्थ आणि त्यात मुळापासून खिमा असतो, बीफचा किंवा डुकराचा. चिनी स्वयंपाकात ‘मांस’ हा शब्द नुसता उच्चारला की तो बहुतेक वेळा डुकराच्या मांसाला लागतो, आणि भाजीला चव यावी म्हणून घातलेला चमचाभर खिमा, कोंबडीचे पाणी किंवा कालवांचा सॉस यांची गणती पुष्कळांच्या मनात मांसात होतच नाही. “मी मांस खात नाही” एवढे सांगून म्हणूनच भागत नाही. ‘सू’ हा शब्द लक्षात ठेवा. हा शाकाहाराचा शब्द आहे, तो उच्चारला की चित्र स्पष्ट होते, आणि बौद्ध सू जेवणात तर कांदा-लसूणही वर्ज्य असतो, म्हणजे आपल्या चातुर्मासासारखेच. सुनेला सांगून एक चिठ्ठी चिनी लिपीत लिहून घ्या: मांस, मासे, अंडे, मांसाचे पाणी, चरबी आणि कालवांचा सॉस यांतले काहीही नको. ती हॉटेलात आधीच पोचवा.

इंग्रज बाजूला हे सोपे आहे. शाकाहारी मंडळ त्या देशात 1847 साली स्थापन झाले, त्यामुळे शब्द सर्वांना ठाऊक आहे. फक्त त्यांच्या शाकाहारात अंडे बसते, तेव्हा केकपासून पुडिंगपर्यंत अंड्याचे वेगळे सांगावे लागते. जेवणाच्या आधी त्यांनी काय चालते, काय चालत नाही असे विचारले की संकोच सोडून पूर्ण यादी द्या. “काहीही चालेल” हे आपले विनयाचे उत्तर त्यांना अडचणीत टाकते. आणि जेवताना भांडे पुढे आले की पहिल्याच खेपेला, भूक असेल तेवढे, घ्या. “हो, आवडेल” म्हणणारा पाहुणा तिथे अधाशी ठरत नाही. त्या बाईने सकाळपासून केलेल्या स्वयंपाकाला ती पावती असते. पोट भरले की काटा आणि सुरी ताटात शेजारी शेजारी उभी ठेवा, म्हणजे जेवण झाले असे समजले जाते. फाकवून ठेवलीत तर अजून चालू आहे असे समजतात आणि तुमच्यासाठी सगळे ताटकळत बसतात. दुसऱ्या दिवशी आभाराचे दोन ओळींचे कार्ड पाठवले तर त्या घराला किती आनंद होईल ते तुम्हाला स्वतःच दिसेल.

एक शब्द मात्र नीट ध्यानात ठेवा. मँचेस्टर किंवा यॉर्कशायरच्या माणसाने तुम्हाला ‘टी’ला बोलावले तर घरून जेवून जाऊ नका, उत्तर इंग्लंडमध्ये कित्येक घरांत संध्याकाळच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात आणि ‘डिनर’ दुपारी असते. मी पहिल्या वर्षी एका घरी भरल्या पोटी गेले आणि समोर पूर्ण जेवण मांडलेले पाहून ओशाळले होते.

हॉटेलच्या बिलावरून तुमच्या यजमानांचा गोंधळ होऊ नये म्हणून तेही सांगते. चिनी आजोबांनी बोलावले असेल तर बिल तेच देतील. तुमच्या यजमानांनी देण्याचा खरोखर प्रयत्न करावा, थोडी ओढाताणही होऊ द्यावी, आणि मग हरावे. पुढचे जेवण आमच्याकडे, असे म्हणावे. इंग्रज मंडळी हॉटेलात बिल वाटून घेतात म्हणून आपली माणसे त्यांना कोरडी म्हणतात, पण त्यांच्या पबमध्ये गेले की दिसते की प्रत्येकजण पाळीपाळीने सर्वांसाठी पेये आणतो आणि पाळी चुकवणाऱ्याचे नाव वर्षानुवर्षे निघते. देण्याघेण्याचा हिशेब तेही ठेवतात, फक्त त्याची जागा वेगळी आहे. तुमचे यजमान मद्य घेत नसतील तर चिनी टेबलावर चहाचा पेला उचलून शुभेच्छा देता येतात; मद्याऐवजी चहा, असा त्यांच्यात रूढ वाक्प्रचारच आहे. पेले भिडवताना आपला पेला आजोबांच्या पेल्यापेक्षा किंचित खाली धरावा, एवढे केले तरी वडीलधाऱ्यांना कळते की या घरात मोठ्यांचा मान आहे.

राहिले तुमच्या घरचे जेवण. ते आपल्याच पद्धतीने करा. वरण-भात, पुरणपोळी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, सगळे. मात्र आग्रह तिघांना तीन मापांनी करावा लागेल. व्याह्यांना जेवणाआधी सांगून ठेवा की आमच्याकडे दोनदा विचारायची रीत आहे आणि दुसऱ्यांदा दिलेले उत्तर आम्ही खरे मानतो. मग दुसऱ्या ‘नको’नंतर खरोखरच थांबा. ताट साफ करणारा हा माणूस तुम्ही वाढत गेलात तर भीडेखातर खात जाईल आणि तुमच्या ऑक्टोबरातल्या अवस्थेला पोहोचेल. आजी-आजोबांना मात्र तुम्ही स्वतः, आपल्या हाताने, मोठ्यांना आधी या क्रमाने वाढा, आणि त्यांनी पानात थोडे टाकले तर ते तुमच्या स्वयंपाकाला नाव ठेवणे नव्हे हे मनात असू द्या. पदार्थ सर्व एकदम मांडा आणि गरम ठेवा. प्यायला गार पाण्याऐवजी कोमट पाणी द्या, त्यांना तेच बरे वाटेल. पूर्व आशियातल्या बऱ्याच माणसांना, विशेषतः वयस्करांना, दूध पचत नाही, म्हणून श्रीखंड आणि बासुंदी चमचाभरच वाढा आणि शेवटी कापलेली फळे ठेवा. फळे झाली की ते लगेच उठतील. त्यांच्याकडे जेवण तिथेच संपते, इंग्रज मंडळी मात्र चहा घेत तासभर गप्पा मारतील. एकाचे लवकर उठणे आणि दुसऱ्याचे रेंगाळणे, दोन्ही मनाला लावून घ्यायच्या गोष्टी नाहीत. भेटवस्तू देणार असाल तर आपल्याकडे सर्रास देतात तसे भिंतीवरचे घड्याळ तेवढे नको. चिनी भाषेत ‘घड्याळ देणे’ हे शब्द ‘अखेरचा निरोप देणे’ यासारखे ऐकू येतात.

चहा कराल तेव्हा बोलायलाही विषय आहे. आपला ‘चहा’ हा शब्द मूळ चिनी ‘छा’च्या इतका जवळ आहे की आजीबाईंना तो न सांगता कळेल, इंग्रजांचा ‘टी’ दक्षिणेकडच्या फूच्येन किनाऱ्यावरच्या बोलीतून डच व्यापाऱ्यांमार्फत गेला. इंग्लंडच्या दरबारात चहा प्रतिष्ठित झाला तो पोर्तुगालच्या कॅथरीन राणीमुळे, आणि 1662 साली दुसऱ्या चार्ल्सशी तिचे लग्न झाले तेव्हा आंदणात मुंबई बेट दिले गेले होते. तुमच्या व्याह्यांना इतिहासाची आवड असेल तर त्यांना हे सांगा.

आणि सांगलीहून निघताना कोणा कोकणातल्या ओळखीच्यांकडून मूठभर तिरफळे मागवून घ्या. चेंगडूच्या स्वयंपाकात जिभेला झिणझिण्या आणणारे जे मिरे असतात, ते तिरफळाच्याच जातकुळीतले आहेत. सोळाव्या शतकात अमेरिकेतून मिरची आपल्याकडे आणि त्यांच्याकडे पोचली, त्याच्या कितीतरी आधीपासून त्या प्रांताच्या जेवणात त्या मिऱ्यांचा ठसका होता. आजीबाईंशी तुमची भाषा जुळणार नाही आणि सून दर वेळी मध्ये बसणार नाही. तेव्हा जेवणे उरकल्यावर त्यांना स्वयंपाकघरात न्या, एक तिरफळ त्यांच्या तळहातावर ठेवा आणि हुंगायला सांगा.